म्हाइंभटाचा कॅमेरा

दिवाळीचा पाडवा झाला की भंडारा जिल्ह्यात मंडया भरू लागतात. हलके धान कापून झालेले असते, भारी धान अजून बांधीत उभे असते आणि मधल्या दिवसांत माणसांना जरा उसंत मिळते. गावाबाहेर दुकाने लागतात, गोवारी मंडळी मोरपिसांची ढाल नाचवत आणतात, लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकींची बोलणी निघतात. त्याच गर्दीत एका बाजूला माणसे गोल करून बसतात आणि मध्ये दोन शाहीर उभे राहतात. एक कलगीचा, एक तुऱ्याचा. मंच नाही, पडदा नाही. शाहीर, झीलकरी, ढोलकीवाला, झांजवाला सगळे उभ्याने गाणार, म्हणून ही खडी गंमत.

गण होतो, गवळण होते, लुगडे नेसलेला नाच्या येऊन लोकांना हसवून जातो. मग एक शाहीर डफावर थाप मारून सवाल टाकतो. देह आधी की जीव आधी? शिव थोर की शक्ती? नऊ दारांच्या घराचे दहावे दार कुठे? तुरेवाला शिवाची बाजू धरतो, कलगीवाला शक्तीची. सवाल झेलायला दुसऱ्याला वेळ लागतो. तो आधी एक पद म्हणतो, मग पुराणातला दाखला काढतो, मध्ये समोरच्याची चेष्टा करतो आणि बऱ्याच वेळाने, लोक सवाल विसरले असे वाटू लागताच, उत्तर देतो. समोर बसलेल्यांत शाळेची पायरी न चढलेली म्हातारी माणसे असतात. उत्तर चुकले तर तीच आधी ओळखतात.

आता या गर्दीत हातोहाती मोबाइल असतात आणि खडी गंमत भरपूर चित्रित होते. पण टिपले जाते ते काय? नाच्याची दोन मिनिटे. सवाल एका तुकड्यात राहतो, जबाब कुठेच सापडत नाही. पाहणाऱ्याला वाटते, खेड्यातली माणसे गंमत करत होती. ती ब्रह्म आणि मायेचा वाद घालत होती हे त्या तुकड्यात उरत नाही.

कला, संगीत आणि अध्यात्म यांच्यावर माहितीपट करणाऱ्या माणसाची पहिली अडचण हीच. त्याला जे दाखवायचे ते दिसत नाही. गाणारा दिसतो, गाण्याने त्याच्या आत काय होते ते दिसत नाही. मग सोपे मार्ग सुचतात: घाटावरचा सूर्योदय, जटाधारी साधू, समईची ज्योत, वर बासरी आणि खर्जातले निवेदन. असे माहितीपट आपण दूरदर्शनच्या जमान्यापासून शेकड्यांनी पाहिले आहेत. अध्यात्म त्यांत फक्त सजावटीपुरते असते.

याला छेद देणारी माणसे थोडी आहेत आणि त्यांच्या कामातून भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याला पुष्कळ घेता येईल. सगळ्यात जवळचे उदाहरण शबनम विरमाणी यांचे. त्या अहमदाबादच्या ‘दृष्टी’ या माध्यमसमूहाच्या संस्थापकांपैकी एक. बायकांच्या संघटनांबरोबर माहितीपट करणे, कच्छमध्ये गावकऱ्यांच्या रेडिओ कार्यक्रमांवर काम करणे, असा त्यांचा आधीचा रस्ता. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर त्या कबीराकडे वळल्या. २००३ मध्ये बंगळुरूच्या ‘सृष्टी’ या कलाशिक्षण संस्थेत त्यांचा कबीर प्रकल्प सुरू झाला आणि पुढच्या सहाएक वर्षांत चार लांब माहितीपट तयार झाले: ‘हद-अनहद’, ‘चलो हमारा देस’, ‘कोई सुनता है’ आणि ‘कबीरा खड़ा बाज़ार में’.

कबीर कोण होता हे या चारही माहितीपटांत कुणी अधिकारवाणीने सांगत नाही. कबीर गाणारी माणसे दिसतात. माळव्यातले शिक्षक-गायक प्रल्हादसिंह टिपाणिया, राजस्थानातले मुख्तियार अली, कराचीचे कव्वाल फरीद अयाज. प्रत्येकाचा कबीर वेगळा, आणि दिग्दर्शिका त्यांच्यातला एक खरा ठरवून बाकीचे बाजूला सारत नाही. ‘हद-अनहद’ अयोध्येला जातो आणि सीमा ओलांडून पाकिस्तानातही पोचतो. ‘कबीरा खड़ा बाज़ार में’ तर चांगलाच अडचणीत टाकणारा आहे. कर्मकांडाची टर उडवणारा कबीर जन्मभर गाणारे टिपाणियाजी कबीरपंथाचे महंत होतात, चौका-आरतीचा विधी करू लागतात, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या पुरोगामी मित्रांना ते पचत नाही. इथे निकाल देण्याचा मोह कुणालाही झाला असता. विरमाणी तो टाळतात आणि टिपाणियांच्या घरात, गाडीत, मैफलीत कॅमेरा घेऊन थांबून राहतात. माझ्या मते चारांमधला हाच माहितीपट सर्वांत धीट आहे, कारण इथे आवडत्या माणसाची अडचण झाकलेली नाही आणि त्याला उघडेही पाडलेले नाही.

मराठी वाचकाने मात्र आधी ‘कोई सुनता है’ पाहावा. तो कुमार गंधर्वांवर आहे, आणि कुमार हयात नसताना केलेला आहे. कुमार गेले १२ जानेवारी १९९२ ला. बेळगावजवळच्या सुळेभावीचा, कोमकळी घराण्यातला हा मुलगा मुंबईत देवधरमास्तरांकडे शिकला, क्षयाने गाठल्यावर १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला गेला, आणि गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत अंथरुणावर पडून त्याने माळव्याच्या बायकांची गाणी आणि दारावर येणाऱ्या नाथपंथी जोग्यांची भजने ऐकली. निर्गुणी भजने तिथून आली. ही कथा महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिची दंतकथा झाली आहे. माहितीपट ही दंतकथा पुन्हा सांगत बसत नाही. कुमारांच्या भजनांकडून तो लोकगायकांच्या भजनांकडे जातो आणि परत येतो. त्यामुळे शास्त्रीय गायक वर आणि लोकगायक खाली, ही आपल्या डोक्यात मुरलेली उतरंड पाहता पाहता ढिली होते. माळव्यातल्या लोकगायकाकडून कुमारांनी काय घेतले, हे कानाला कळते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. विरमाणी तंबुरा घेऊन स्वतः गाऊ लागल्या. माहितीपट करायला गेलेली बाई शिष्या झाली. आपल्याकडे या प्रकारात जे टिकाऊ काम झाले त्याच्या मुळाशी बहुधा असे शिष्यत्व आहे. मणी कौल यांनी १९८२ मध्ये ‘ध्रुपद’ केला तो झिया मोहिउद्दीन आणि झिया फरीदुद्दीन या डागर बंधूंवर, आणि स्वतः कौल फरीदुद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकत होते. त्यात निवेदनाचा भरणा नाही, राग सावकाश उलगडू दिला आहे. शेवटच्या दीर्घ दृश्यात कॅमेरा मुंबईच्या छपरांवरून फिरत राहतो आणि गाणे चालूच असते. समाधी दाखवण्यासाठी हिमालय लागत नाही, पत्र्याची छपरेही पुरतात, हे त्या एका दृश्यात कळते. कौल यांच्याच ‘आषाढ का एक दिन’मध्ये कालिदास झालेले अरुण खोपकर पुढे जहांगीर साबावाला, नारायण सुर्वे, चार्ल्स कोरिया यांच्यावर माहितीपट करत गेले, ‘चलत्-चित्रव्यूह’साठी त्यांना २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे मराठी लेखन वाचले की कलावंतावर माहितीपट करणाऱ्याने किती गोष्टी शिकून यायला हव्यात याचा अंदाज येतो आणि थोडी धडकीही भरते. गुंथर सोन्थायमर तर मुळात हायडेलबर्गचे अभ्यासक. वर्षानुवर्षे धनगरांमध्ये राहून बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्या ओव्या त्यांनी ऐकल्या, मराठीत बोलायला शिकले, आणि मग वारीवर माहितीपट केला.

हे सगळे देवास, मुंबई, पंढरपूरचे झाले. भंडाऱ्याचा त्याच्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध तेराव्या शतकापासूनचा आहे.

महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी एकटे फिरत होते त्या काळात भंडाऱ्याला आले. इथला नीळभट त्यांना भेटला आणि घरदार सोडून त्यांच्यामागे निघाला. महानुभाव त्याला भांडारेकार म्हणून ओळखतात. ही हकिगत आपल्याला ठाऊक आहे ती ‘लीळाचरित्र’ लिहिणाऱ्या म्हाइंभटामुळे. स्वामी गेल्यावर त्याने आठवणी गोळा करायला घेतल्या. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांना विचारले, पण तेवढ्यावर भागवले नाही. ज्या माणसासमोर जे घडले त्याच्याकडे जाऊन खात्री केली. स्वामी कुठे बसले होते, काय जेवले, कोण आले, नेमके कोणते शब्द बोलले, हे टिपले. एकाच प्रसंगाच्या दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही नोंदवून ठेवण्याची रीत या परंपरेने सांभाळली. पुढे मूळ पोथी धामधुमीत हरवली तेव्हा शिष्यांनी पाठांतरातून ती पुन्हा उभी केली आणि कुणाचा पाठ कोणता हेही जपले. लीळाचरित्रात स्वामींच्या डोक्यामागे तेजोवलय फिरत नाही. देऊळ, ओसरी, झाड, भूक, प्रश्न, उत्तर. ज्याला तुम्ही देव मानता त्याचे चरित्र इतक्या कोरड्या डोळ्यांनी लिहायचे, ही हिंमत आजच्या माहितीपटवाल्यांतही क्वचित दिसते. मराठीतला पहिला माहितीपटकार कोण, असे मला विचारले तर मी म्हाइंभटाचे नाव घेईन. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता एवढेच.

याच मुलखाच्या सीमेवर, वैनगंगेच्या संगमावर आंभोरा आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’, शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ चा, इथे सिद्ध झाला असे विदर्भ मानतो. मराठवाडा तो मान अंबाजोगाईला देतो. वाद जुना आहे आणि मिटायची चिन्हे नाहीत. माहितीपटाला मात्र हा वाद मिटायला नकोच आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ, खाली गोसीखुर्दच्या फुगवट्याने रुंद झालेली नदी, आणि तिच्यावर नव्याने झालेला तारांनी तोललेला मोठा पूल. त्याच्या वर काचेची गॅलरी आहे आणि सुटीच्या दिवशी तिथे फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. अद्वैतावरचा मराठीतला आद्य ग्रंथ आणि ही झुंबड एकाच चौकटीत बसते. म्हाइंभट असता तर त्याने पूल गाळला नसता.

दक्षिणेला पवनी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केले, शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नावावर त्याचा अहवाल आहे. जगन्नाथ टेकडीखाली मौर्य काळापर्यंत मागे जाणारा स्तूप निघाला, शिल्पे कोरलेले कठड्याचे खांब निघाले, मुचलिंद नागाची आकृती आणि तिच्याजवळ कोरलेले नाव निघाले. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला पवनी ही अशी ठाऊक असते. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांबरोबर ज्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यांत पूर्व विदर्भातली माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांच्या लेकरांना तेरा-चौदा वर्षांत कळले की आपल्या पायाखालीच स्तूप होता. जुन्या दगडाला अशी नवी माणसे भेटणे ही संगीताचीही गोष्ट आहे, कारण भीमगीते आणि बुद्धगीते यांच्याशिवाय या जिल्ह्यातली एप्रिल-मेची कुठलीही रात्र जात नाही. त्यातले कित्येक गायक खडी गंमतीच्याच ढोलकीवर आणि चालींवर वाढले. आंबेडकरांच्या घरात कबीरपंथ होता, आणि १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक ते भंडाऱ्यातूनच लढले आणि हरले, हेही इथल्या गाणाऱ्यांना पाठ असते.

अध्यात्माच्या नकाशावर भंडारा रंगवताना एक गाव गाळता येत नाही. मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ ला तिथे एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारले गेले. सर्वांभूती एकच तत्त्व आहे असे सवाल-जवाबात शतकानुशतके गाणाऱ्या मुलखात हे घडले. जो माहितीपट चक्रधर, मुकुंदराज आणि कलगी-तुरा दाखवील आणि खैरलांजीजवळ आल्यावर कॅमेरा नदीच्या सूर्यास्ताकडे वळवील, त्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आनंद पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’ला चौदा वर्षे दिली, शाहीर विलास घोगरे यांच्या आत्महत्येपासून सुरू होऊन तो गाण्यांमागोमाग वस्त्यांतून फिरतो. गाणे आणि अत्याचार एकाच माहितीपटात मावतात याला तोच पुरावा.

खडी गंमतीच्या मानाने पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाचे नशीब बरे. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या, रात्रभर चालणारे प्रयोग, तिकीट काढून बसणारी हजारोंची गर्दी, याची बातमी आता मुंबई-पुण्यापर्यंत पोचली आहे. तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ जून २०२२ मध्ये पडद्यावर आला. तो कथापट असला तरी त्यातले बरेच चेहरे झाडीपट्टीच्या रंगमंचावरचे आहेत. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. नाटकाला तिकीट आहे, जाहिरात आहे, कंपनी आहे, म्हणून ते दिसते. दंडार हे इथले लोकनाट्य आणि खडी गंमत यांना यातले काही नाही. मंडईचे वर्गणीचे पैसे, वरून लोकांनी शर्टाला टाचलेल्या नोटा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धानकापणी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांच्यावर आयुष्य घातले, शब्दकोश केला, झाडीबोली साहित्य मंडळ उभे केले. संशोधनाची बाजू त्यामुळे भक्कम आहे. आवाजाची आणि चित्राची बाजू तिच्या तोडीला आलेली नाही.

हे काम कसे व्हावे याबद्दल माझी काही मते आहेत आणि ती आग्रहाची आहेत.

पहिले, सामना पूर्ण चित्रित व्हावा. सवालापासून जबाबापर्यंत कॅमेरा बंद करू नये, मग मध्ये दीड तास जावो. कापाकापी नंतर करता येते. न टिपलेला जबाब मात्र कुठून आणणार? आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्यावे. डफाची थाप जवळ आली की मोबाइल स्वतःच आवाज दाबतो आणि पुढचा शब्द गिळला जातो, म्हणून शाहिरापाशी एक मायक्रोफोन वेगळा हवा आणि झीलकऱ्यांपाशी दुसरा. अर्धे पद झीलकऱ्यांच्या तोंडी असते, आणि बहुतेक चित्रफितींत नेमके तेच ऐकू येत नाहीत.

बोली सुधारू नये. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, आणि संकलनाच्या टेबलावर बसलेल्या शहरी माणसाला ते अशुद्ध वाटते. मग खालच्या पट्टीत प्रमाण मराठी लिहिली जाते आणि शाहीर एक बोलतो, पट्टी दुसरेच सांगते. जसे गायले तसे लिहा, अर्थ हवा तर वेगळा द्या.

शाहिराला घरी भेटावे. शाहिराच्या घरी बहुधा वह्या असतात. सवालांच्या, जबाबांच्या, गुरूने दिलेल्या कूटांच्या. काही वह्या दुसऱ्याला दाखवायच्या नसतात, कारण पुढच्या मंडईत तोच सवाल टाकायचा असतो. इथे माहितीपटकाराने म्हाइंभटासारखे वागावे: विचारावे, थांबावे, नाही म्हटले तर नाही. गुरुपरंपरेतली गोष्ट चोरून टिपणाऱ्याला अध्यात्मावर बोलायचा अधिकार उरत नाही.

आणि पैसा? स्वतंत्र माहितीपटाला आपल्याकडे बाजार नाही. १९४८ मध्ये सुरू झालेली फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. ती संस्था आता स्वतंत्र उरलेली नाही. विरमाणी यांनी वाट काढली ती वेगळ्या प्रकारे. माहितीपटाबरोबर त्या गायकांना घेऊन गावोगाव गेल्या, पडद्यावरचे गाणे संपले की तोच गायक समोर बसून गाऊ लागे, बाहेर सीडी आणि पुस्तके विकली जात. पुढे ध्वनिमुद्रणे ‘अजब शहर’ या संग्रहात खुली झाली. भंडाऱ्यात तर हे अधिक सोपे आहे. प्रेक्षक आधीच मंडईत बसलेला आहे. गेल्या वर्षीचा सामना या वर्षी त्याच गावात पडद्यावर दाखवला तर त्याच्यावर जी टीका होईल ती कुठल्याही महोत्सवातल्या परीक्षकाकडून होणार नाही. कुठला जबाब चुकला होता हे गाव बरोबर सांगेल.

चित्रफितीचा आणखी एक साधा उपयोग आहे. राज्य शासनाकडून वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन मिळते, पण अर्जाला कार्यक्रम केल्याचे पुरावे जोडावे लागतात. आयुष्यभर झाडाखाली उभे राहून गाणाऱ्याकडे कात्रणे आणि प्रमाणपत्रे कुठून येणार? तारीख, गाव आणि नाव नोंदलेले चित्रण त्याच्या कामी येऊ शकते.

दिवाळीनंतर मंडया सुरू होतात. नागपूरहून भंडारा ६० किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेने यायचे तर वरठीला, म्हणजे भंडारा रोडला उतरावे. तुम्ही माहितीपट करणारे असाल तर एका वर्षासाठी येऊ नका, चारपाच वर्षांची तयारी ठेवा. नुसते पाहणारे असाल तरी मोबाइल काढण्याआधी शाहिराला विचारा, सवाल सुरू झाला की जबाब येईपर्यंत चित्रण थांबवू नका, शाहिराचे आणि त्याच्या गुरूचे नाव, गाव आणि तारीख लिहून घ्या, आणि चित्रणाची एक प्रत त्याच्या घरी पोचवा.